‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ पाहिलेल्या माणसाचं मत कसं घ्यावं

कोणी सांगितलं की ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ हा जुना भयपट फुसका निघाला, नाव तेवढं रक्ताचं, तर वाद घालू नका. एवढंच विचारा: किती मिनिटांचा पाहिला? 90 की 93?

याचं उत्तर सहसा मिळत नाही. मिनिटं बघून चित्रपट लावणारा आमच्या गल्लीत माझ्याशिवाय कोणी नाही. मग आडवळणाने विचारा. लाँड्रीवाल्या मेबलबाईंचं काय झालं ते नीट दिसलं का? बारवाल्या म्हाताऱ्याचा डोळा पाहिला का? “डोळा? कोणता डोळा?” असं समोरचा म्हणाला, की त्याने कापलेली प्रत पाहिली आहे हे ओळखा. त्याचं मत त्या प्रतीबद्दल आहे आणि त्या प्रतीपुरतं ते खरंही आहे. तुमच्या हाती पूर्ण प्रत असेल, तर ते मत तुमच्या उपयोगाचं नाही.

माझी ओळख एका ओळीत देतो, कारण पुढे ती लागणार आहे. मी चंद्रपूरचा, वेकोलित (वेस्टर्न कोलफील्ड्समध्ये) भूमिगत कोळसा खाणीत आधी मायनिंग सरदार, मग ओव्हरमन (दोन्ही पर्यवेक्षकाचे हुद्दे), आता निवृत्त. पुतण्या आणि त्याचे मित्र शनिवारी रात्री आमच्या गच्चीवर चादर ताणून जुने स्लॅशर, म्हणजे एकामागून एक खून पाडणारे भयपट, लावतात. हा चित्रपट त्यांनी माझ्यासाठी म्हणून आणला होता. “काका, यात खाण आहे, तुम्ही तं पाहाच.” त्यानंतर तो मी बऱ्याच जणांना दाखवला, प्रत्येकाचं मत ऐकलं, आणि लोक मत कशावरून देतात हे ओळखण्याची मला सवय लागली. ती सवय कशी लावायची, तेवढं इथे सांगतो.

आधी प्रत ओळखा

1981 चा हा कॅनडाचा चित्रपट. दिग्दर्शक जॉर्ज मिहाल्का, मूळचा हंगेरीचा. अमेरिकेत पॅरामाउंटने तो 11 फेब्रुवारी 1981 ला लावला. त्या वर्षी 14 फेब्रुवारी शनिवारी आला होता आणि कथेतला व्हॅलेंटाइनचा जल्लोषही शनिवारचाच आहे, म्हणजे प्रेक्षक आणि पडद्यावरचं गाव एकच तारीख जगत होते. ही चलाखी मला आवडते.

पण तो लागला तेव्हा त्याच्या अंगावर कात्रीचे व्रण होते. 1980 च्या मे महिन्यात पॅरामाउंटनेच ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ लावला होता. साडेपाच लाख डॉलर्सच्या आसपास खर्च केलेल्या त्या चित्रपटाने नुसत्या अमेरिकेत जवळजवळ चार कोटींचा धंदा केला. पैसा आला तसा ओरडाही झाला. शिकागोचे समीक्षक जीन सिस्केल आणि रॉजर ईबर्ट यांनी टीव्हीवर या सगळ्या प्रकाराविरुद्ध आघाडीच उघडली. अशात त्याच कंपनीचा हा दुसरा रक्ताळ चित्रपट प्रमाणपत्रासाठी गेला आणि अमेरिकेतल्या प्रमाणपत्र मंडळाने खुनाच्या जवळपास प्रत्येक प्रसंगाला हात घातला. ‘एक्स’ (फक्त प्रौढांसाठी) मिळालं असतं तर बरीच थिएटरं आणि वर्तमानपत्रांच्या जाहिराती बंद झाल्या असत्या. म्हणून त्याहून सौम्य ‘आर’ मिळेपर्यंत कापत राहिले.

कापलेल्यापैकी सुमारे तीन मिनिटं 2009 साली डिस्कवर परत जोडली गेली. आता इथे एक गंमत आहे, ती लक्षात ठेवली तर निम्मे वाद मिटतात. त्याच 2009 च्या जानेवारीत या चित्रपटाची थ्रीडी नवी आवृत्तीही थिएटरात आली. म्हणजे “मी 2009 मध्ये पाहिला” असं म्हणणाऱ्याने कोणता पाहिला, हे सालावरून ठरत नाही. विचारा की गावाचं नाव काय होतं. ‘व्हॅलेंटाइन ब्लफ्स’ म्हणाला तर जुना, ‘हार्मनी’ म्हणाला तर नवा. गाव आठवत नसेल तर चष्मा लावला होता का ते विचारा. पुतण्याचा एक मित्र अर्धा तास जुन्या चित्रपटाला शिव्या घालत होता आणि शेवटी कळलं की तो टिकाव पडद्याबाहेर येण्याबद्दल बोलतोय.

तीन मिनिटं जोडलेली प्रत पाहताना चित्राच्या पोताकडे लक्ष द्या. चांगलं चाललेलं चित्र एकदम खरखरीत होतं, रंग किंचित उतरतात, आणि दोन-चार सेकंदांनी पुन्हा पहिल्यासारखं होतं. ते परत जोडलेले तुकडे. कित्येक जण याला “प्रिंट खराब आहे” म्हणतात. खरं म्हणजे इतकी सोयीची खूण क्वचितच मिळते: कोणत्या क्षणी 1981 च्या मंडळाला ‘बस’ म्हणावंसं वाटलं, ते डोळ्यांना दिसतं. मी तर पोरांना त्या जागा मोजायला लावतो. मग ते घाबरायचे थांबतात आणि बघायला लागतात.

माणूस कुठून बोलतोय ते बघा

कथा थोडक्यात अशी. वीस वर्षांपूर्वी व्हॅलेंटाइनच्या रात्री गावात नाच होता. खाली माणसं कामावर असताना दोन पर्यवेक्षकांना नाचाला जायची घाई झाली आणि मिथेनची तपासणी न करता ते वर निघून गेले. स्फोट झाला, माणसं अडकली. हॅरी वॉर्डन नावाचा एकटा कामगार कित्येक आठवड्यांनी जिवंत सापडला, आणि तो इतके दिवस काय खाऊन जगला हे ज्यांनी त्याला बाहेर काढलं त्यांना कळलं. वर्षभराने त्याने त्या दोघांना मारलं आणि गावाला बजावलं की पुन्हा हा नाच करायचा नाही. आता वीस वर्षांनी पोरांनी पुन्हा नाच ठरवला आहे. काळा पोशाख, गॅस मास्क, डोक्यावर दिवा आणि हातात टिकाव असा कोणीतरी गावात फिरू लागतो.

आता बघा, कोणाला यात काय दिसतं. पुतण्याचे मित्र टिकाव बघतात. माझी बायको दहा मिनिटं बसली, आणि तिचं मत असं: “एवढ्या रात्री ही पोरं कुठे आहेत, हे विचारायला यांच्या घरी कोणी नाही का?” हे मत हसण्यावारी नेऊ नका. स्लॅशरमध्ये आईबाप कुठे असतात, या प्रश्नावर मोठे लेख लिहिता येतील. फरक एवढा की या चित्रपटातली ‘पोरं’ शाळकरी नाहीत. ते पाळीवर जाणारे, पगार घेणारे, बिअर पिऊन घरी जाणारे खाणकामगार आहेत. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’सारखी उन्हाळी शिबिरातली पोरं-पोरी बघायला गेलेल्या प्रेक्षकाला ही मंडळी थोराड वाटतात आणि तो म्हणतो, “यांच्याशी जमलंच नाही आपलं.” ज्याने स्वतः पाळी केली आहे त्याचं लगेच जमतं. अंघोळीच्या खोलीत सगळे काळ्या तोंडांनी एकमेकांची चेष्टा करताहेत, हा प्रसंग लांबलाय असं म्हणणारा माणूस कधी पाळी संपवून वर आलेला नसतो.

मला काय दिसलं, तेही सांगतो. मला ती न झालेली तपासणी दिसली.

आमच्या कामात गॅस बघणं म्हणजे काय, हे थोडं सांगू द्या. मिथेन हवेपेक्षा हलका, म्हणून तो छताला जाऊन बसतो. सेफ्टी लॅम्पची वात बारीक करायची आणि दिवा हळूहळू छताकडे न्यायचा. ज्योतीवर फिकट निळी टोपी दिसली तर गॅस आहे, टोपी जितकी उंच तितका जास्त. ही टोपी बघायला डोळा तयार व्हावा लागतो, नव्या माणसाला ती दिसतच नाही. पुढे आकडा दाखवणारे मीटर आले. हवेत 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान मिथेन असला की एक ठिणगी पुरते, आणि आपल्याकडच्या नियमाप्रमाणे सव्वा टक्क्यालाच वीज तोडून माणसं मागे घ्यायची असतात. आमची खाण कमी गॅसची, डिग्री एकची. तरी पाळीआधी दिवा फिरवल्याशिवाय माणूस फेसवर (जिथे कोळसा काढतात तिथे) पाठवायचा नाही, हे अंगात मुरलेलं. पडद्यावर ते दोघे टोप्या काढून वर चालले, तेव्हा मी आपोआप “अरे, गॅस बघितला का?” असं बोलून गेलो. पोरं हसली. पहिला प्रसंग सोडला तर खून अजून सुरूही झाले नव्हते आणि माझी भीती तिथे होऊन गेली होती.

त्यामुळे माझं मत घेताना माझ्या धंद्याचं वजन वजा करा. मी पक्षपाती आहे. तसंच इतरांचंही करा. इस्पितळात काम करणारी आमची भाची म्हणाली, “मामा, एवढं रक्त एवढ्या जखमेतून येत नाही,” आणि ती तिथेच चित्रपटातून बाहेर पडली. तिचं म्हणणं तिच्या जागी बरोबर. पण तुम्ही इस्पितळात काम करत नसाल, तर त्या एका वाक्यावर चित्रपट सोडून देऊ नका.

आणखी एक माहिती, जी मत देणाऱ्यांपैकी फार थोड्यांना असते. चित्रीकरण स्टुडिओत झालेलं नाही. नोव्हा स्कोशियातल्या केप ब्रेटन बेटावर सिडनी माइन्स नावाचं खरं कोळशाचं गाव आहे, तिथल्या बंद पडलेल्या प्रिन्सेस कोलियरीत 1980 च्या शरद ऋतूत हे शूटिंग झालं. त्याच बेटावर, ग्लेस बे इथे, 24 फेब्रुवारी 1979 ला 26 नंबरच्या खाणीत स्फोट होऊन 12 माणसं गेली होती. म्हणजे कॅमेरा तिथे पोहोचला तेव्हा दीड-पावणेदोन वर्षंच झाली होती. पुढे 1992 मध्ये त्याच प्रांतात वेस्ट्रे खाणीत मिथेन आणि कोळशाच्या धुळीचा स्फोट होऊन 26 जण मेले, आणि चौकशीत निष्काळजीपणाची यादीच निघाली. हे कळल्यावर “कथा म्हणजे नुसतं निमित्त आहे” हे मत मला पटेनासं झालं. सूड घेणारा माणूस कल्पित आहे. तपासणी न करता वर जाणारा पर्यवेक्षक कल्पित नाही.

आपल्याकडे खाणीच्या अपघाताचा चित्रपट म्हटलं की 1979 चा ‘काला पत्थर’ आठवतो, त्यामागे 1975 ची चासनाळ्याची दुर्घटना होती. आमच्या बाजूची म्हातारी माणसं अजून तो चित्रपट पाहताना उठून जातात. त्यात राग मालकावर काढलेला आहे, भाषणं आहेत, पाणी घुसतं तेव्हा माणसं एकमेकांना वाचवतात. या कॅनडाच्या चित्रपटात राग फिरून पोरांवरच पडतो, ज्यांनी काही केलेलं नाही. मला हे न्याय्य वाटत नाही. पण अशा गावात वीस वर्षांनी राग कुठे जाऊन पडतो, हे मात्र त्याने अचूक पकडलंय.

‘खोटं दिसतं’ आणि ‘संथ आहे’

ही दोन मतं तुम्हाला हमखास ऐकायला मिळतील, म्हणून यांच्याशी काय करायचं ते वेगळं सांगतो.

‘खोटं दिसतं’ म्हणणाऱ्याला विचारा, कोणता प्रसंग? एक प्रसंग नाव घेऊन सांगता आला तर मत ऐका. ‘सगळंच’ म्हणाला तर तो मोबाइल बघत होता. जुन्या काळातले हे प्रयोग लॅटेक्स, साचे, नळ्या आणि रंगवलेल्या पाण्यावर चालायचे, संगणक नव्हता. तेव्हा बघायचं ते असं: कॅमेरा किती वेळ न हलता थांबतो? नटाचा खरा चेहरा आणि खोटी जखम एकाच चौकटीत आहेत का? असतील तर कलाकाराने धाडस केलंय. चेहरा दाखवला, मग कट, मग जखम, असं असेल तर तो सोपा मार्ग. या कसोटीवर बारवाल्याचा प्रसंग माझ्या मते वरच्या दर्जाचा आहे. उकळत्या पाण्याचा प्रसंग त्याहून साधा, तरी लोकांना तोच जास्त झोंबतो, कारण टिकावाने कोणी मेलेलं आपण पाहिलेलं नसतं, पण उकळत्या पाण्याचा चटका प्रत्येकाने खाल्लेला असतो. आमच्या शेजारच्या वहिनी, ज्या एरवी तात्या विंचूला बघून हसतात, त्या प्रसंगाला उठून खाली गेल्या आणि त्यांनी मत दिलं नाही. ते उठून जाणं मी मत म्हणूनच धरतो.

अंधाराबद्दलही तक्रार येते: “काही दिसतच नाही खाणीत.” इथे तुमचा टीव्ही किंवा प्रोजेक्टर तपासा, मग बोला. मिथेनच्या धोक्यामुळे खाली मोठे दिवे लावायला परवानगी नव्हती, कमी ताकदीच्या दिव्यांवर काम भागवावं लागलं. म्हणून काळोख तिथे खरा आहे. गच्चीवर चंद्र असेल तर हा चित्रपट लावू नका. अमावास्येच्या आसपास लावा, किंवा खोलीत पडदे ओढून. आवाज मात्र मोठा ठेवा, कारण मास्कमधून येणारा श्वास हे या चित्रपटाचं खरं हत्यार आहे. खाणीत आपल्यालाही आधी आवाजच कळतो, दिसतं मागाहून. छत बोलायला, म्हणजे कडकडायला लागलं की अनुभवी माणूस वर बघत बसत नाही, बाहेर पळतो.

एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही, तो सगळीकडे सांगितला जातो. चित्रपटवाल्यांनी ही खाण पसंत केली ती तिच्या मळकट, काळवंडलेल्या रूपामुळे. ते परत येईपर्यंत गावकऱ्यांनी पाहुणे येणार म्हणून ती झाडून, रंगवून लखलखीत करून ठेवली. मग ती पुन्हा घाण करण्यावर पैसे खर्च झाले. मंत्री येणार म्हटलं की आमच्याकडेही पिटहेडला, म्हणजे खाणीच्या तोंडाशी, चुना मारायचे, त्यामुळे मला त्या गावकऱ्यांची बाजू पूर्ण समजते.

‘संथ आहे’ हे मत मी अर्धं मान्य करतो. पहिला तास गावातच जातो. महापौराचा मुलगा टी. जे. बाहेरगावी नशीब काढायला गेलेला, हरून परत आलेला आणि खाणीत कामाला लागलेला. त्याची जुनी सारा आता अॅक्सलबरोबर. हे त्रिकूट एकमेकांकडे रागाने बघतं, समुद्रकिनारी जाऊन बोलतं, पुन्हा बघतं. टी. जे. मला कंटाळवाणा वाटतो, तो स्वतःवरच नाराज आहे आणि ती नाराजी आपल्यावर काढतो. त्या मानाने जाड मिशांचा हॉलिस बघा. कीथ नाइट नावाच्या नटाने तो केलाय. ज्यांना ज्यांना चित्रपट आवडला त्यांनी हॉलिसचं नाव घेतलंच. प्रत्येक पाळीत असा एक जण असतो, भांडण सोडवणारा, डबा वाटून खाणारा. कोणाचं मत खरंच चित्रपट पाहून आलंय का, हे ओळखायचं असेल तर हॉलिसबद्दल विचारा. चेहऱ्यावरून कळतं.

पण संथपणाचं दुसरं अर्धं मी मान्य करत नाही. शेवटचा अर्धा तास सगळे जमिनीखाली जातात. दारू पिऊन, हजेरी नाही, टोकन नाही, वर कोणाला पत्ता नाही की खाली कोण आहे. आमच्या बत्तीघरातून टोकनाशिवाय एक दिवा हलत नसे, कारण अपघात झाला तर खाली किती माणसं आहेत हे त्यावरूनच कळतं. तो अर्धा तास मला सगळ्यात लांब वाटला आणि त्याचं कारण टिकाववाला नव्हता. ज्याला हे सगळं ठाऊक नाही त्याला तिथे नुसती पळापळ दिसेल, म्हणून पाहायला बसण्याआधी नवख्या माणसाला दोन वाक्यांत टोकन म्हणजे काय ते सांगून ठेवा. मी केलंय, फरक पडतो.

भाषेची अडचण असेल तर उपशीर्षकं लावा, लाज बाळगू नका. केप ब्रेटनच्या ढंगाचं इंग्रजी आहे, आमच्या पोरांना निम्मं कळत नव्हतं आणि “संवाद बेकार” म्हणून मोकळे होत होते.

स्वतःचं मत कसं सांगावं

मास्कच्या आत कोण आहे ते सांगू नका. हे सांगायची गरज नसावी, पण 1980 मध्ये सिस्केलसारख्या नावाजलेल्या समीक्षकाने ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ लोकांनी पाहू नये म्हणून आपल्या परीक्षणात मुद्दाम शेवट फोडला, आणि वर पॅरामाउंटच्या मालक कंपनीच्या अध्यक्षाचा पत्ता छापला, तक्रारीची पत्रं लिहा म्हणून. राग मी समजू शकतो. बायकांना हालहाल करून मारताना दाखवण्याची जी लाट तेव्हा आली होती, तिच्यावर त्यांचा मुख्य आक्षेप होता, आणि त्यात तथ्य होतं. या चित्रपटाचा पहिलाच प्रसंग बघा, तो आक्षेप तिथे सरळ लागू पडतो. पुढे मात्र इथे पुरुषही तितकेच वाईट मरतात. तुम्हाला आक्षेप असेल तर प्रसंगाचं नाव घेऊन आक्षेप सांगा. शेवट फोडून काही साधत नाही, त्या चित्रपटाचंही काही बिघडलं नाही.

कोण कसा मेला, हे किती सांगावं? मी असं धरतो: सुरुवातीसुरुवातीचे मृत्यू सांगायला हरकत नाही, पुढचे नाही. म्हणून मेबलबाई आणि बारवाल्याबद्दल मी बोललो, हॉलिसबद्दल बोललो नाही. त्याचं काय होतं ते तुमचं तुम्ही बघा.

मत सांगताना प्रत सांगा, कुठे आणि कोणाबरोबर पाहिला ते सांगा. एकट्याने मोबाइलवर पाहिलेला आणि दहा जणांनी गच्चीवर ओरडत पाहिलेला हे दोन वेगळे चित्रपट असतात. आमच्याकडे खुन्याने पाठवलेलं बॉक्समधलं हृदय महापौराच्या हातात येतं तेव्हा पोरं टाळ्या वाजवतात. तोच प्रसंग मी दुपारी एकट्याने पुन्हा पाहिला, तेव्हा मला त्या महापौराच्या वयाची, त्याच्या ओशाळलेल्या चेहऱ्याची कीव आली, कारण गावात सगळ्यांना जुनी गोष्ट माहीत आहे आणि त्यालाच नाचाला हो म्हणावं लागलंय.

कोणाला सुचवू नये, हेही मतातच आलं. खाणीत माणूस गमावलेल्या घरात मी हा चित्रपट कधी सुचवत नाही, कोणी विषय काढला तरी टाळतो. लहान मुलं असतील तर नाहीच, गच्चीचं दार आतून लावून घेतो. आणि ज्याला रक्त बघून घेरी येते, त्याला “अरे काही नाही, खोटं असतं” असं म्हणून बसवू नका. घेरी येणाऱ्याला ते खोटं आहे हे माहीतच असतं.

नावं संपेपर्यंत मशीन बंद करू नका. शेवटी हॅरी वॉर्डनवरचं एक गाणं लागतं, जुन्या लोकगीताच्या चालीचं, गायलंय जॉन मॅकडर्मटने. पोरं चपला शोधायला लागलेली असतात तेव्हा ते सुरू होतं. मी त्यांना बसवून ठेवतो आणि मगच विचारतो, कसा वाटला. बहुतेक जण तोवर आधी ठरवून ठेवलेलं वाक्य विसरलेले असतात आणि दुसरंच काहीतरी बोलतात. गेल्या वेळी एक पोरगा म्हणाला, “काका, तुम्ही खरंच रोज दिवा फिरवायचे?” आणि पुढचा तासभर तेच बोलणं चाललं.